नाव वाढवण्याचा अर्ज

पद्मावतीबाई मगदूम अमेरिकेतून परत आल्या तेव्हा त्यांच्या पुतण्याची बायको त्रिशला हिनं त्यांना दारात थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि हाताला धरून बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर नेऊन बसवलं. घर पद्मावतीबाईंचं होतं. कॉटही त्यांचीच. पण हाताला धरून बसवतात ते पाहुण्याला, हे त्यांच्या ध्यानात यायला चार दिवस लागले.

त्या मूळच्या गडमुडशिंगीच्या. शेतकरी बापानं शिकवलं, ट्रेनिंग झालं, आणि कोल्हापुरात मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. नवरा बापूसो पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांची निम्मी नोकरी राधानगरीला धरणावर गेली. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. राजारामपुरीतलं हे तीन खोल्यांचं घर पासष्ट साली बांधलं ते पद्मावतीबाईंनी. शाळेच्या आधी तासभर आणि शाळा सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत त्या गवंड्यापाशी उभ्या असत. हौद कुठं, खिडकी कुठं, उभ्यानं स्वयंपाक करायचा कट्टा किती उंच, सगळं त्यांनी ठरवलं. कट्टा तर स्वतःच्या कमरेला माप लावून घातला. कागद मात्र बापूसोंच्या नावावर झाले. "बाईमाणसाच्या मागं कचेरीची भानगड कशाला," असं ते म्हणाले होते, आणि पद्मावतीबाईंनाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एकुलता मुलगा नेमिनाथ इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, तिथलाच नागरिक झाला, आणि आईवडील दोघं निवृत्त झाल्यावर त्यानं त्यांना कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं. कागदपत्रं चालू होती त्या वर्षात पद्मावतीबाईंनी त्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. शाळेत सवयच होती, प्रश्नांना आकडे घातले. पेन्शन तिकडं मिळते का? दुखलंखुपलं तर डॉक्टर कोण आणि किती लांब? जैन बस्ती आहे का, नसली तर देवाच्या दर्शनाचं काय? पाणी गाळून घ्यायला मलमल इथून आणू का? कांदा-बटाटा न घालता सूनबाईला जमेल का? एकूण सतरा प्रश्न. नेमिनाथनं आकडे घालूनच उत्तरं पाठवली. डॉक्टर वीस मैलांवर. बस्ती नाही, पण चार गुजराती कुटुंबं महिन्यातून एकदा जमतात. मलमल आण. सोळाव्या प्रश्नापर्यंत सगळं नेटकं होतं. सतरावा प्रश्न होता, 'नाही जमलं आणि परत यायचं झालं तर?' त्याच्यासमोर त्यानं लिहिलं होतं, 'ते नंतर बघू.'

मग घराचं काय करायचं, हा विषय सगळ्या गल्लीला पुरला. भाडेकरू ठेवू नका, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भाडेकरू एकदा घुसला की कोर्टात नातवंडं म्हातारी होतात. "आपलंच माणूस ठेवा. भाडं नको, कागद नको, काय नको," असं जो तो सांगे. आपलं माणूस म्हणजे बापूसोंच्या थोरल्या भावाचा मुलगा भूपाल. उद्यमनगरात टर्नर होता, उचगावात एका खोलीत बायको आणि तीन मुलं घेऊन राहत होता. तो हात जोडून आला. किल्ली त्याच्या हातात दिली.

इथवर सगळ्यांनी केलं असतं तसंच झालं. पुढचं पद्मावतीबाईंनी एकट्यानं केलं. जायच्या आधी आठ दिवस त्या स्वतः राशन कचेरीत गेल्या आणि सुवाच्य अक्षरात अर्ज दिला की, आम्ही दोघं परदेशी कायम वास्तव्यास जात असल्यानं आमची नावं कार्डावरून कमी करावीत आणि कार्ड पुतण्याच्या नावे करावं.

कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "बाई, लोक मेलेल्या माणसांची नावं कमी करत न्हाईत. साखर उचलत्यात त्यांच्या नावानं. तुम्ही जित्या माणसांची करायला आलासा?"

"आम्ही इथं राहणार न्हाय. मग खोटं कशाला?" पद्मावतीबाई म्हणाल्या.

त्यानं दोन नावांवर लाल रेघ मारली. गॅसही भूपालच्या नावावर झाला, लाइटचं मीटरही. घर असं नीट आवरून, कुठंही धागा लोंबत न ठेवता, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्या विमानात बसल्या.

अमेरिकेत त्यांना कुणी वाईट वागवलं नाही. सूनबाई त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवी. पण तिथल्या हिवाळ्यात पाचला दिवस मावळतो, आणि मुलगा-सून घरी येतात सहाला. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा जैनांचा नेम, म्हणून पद्मावतीबाई साडेचारला एकट्या टेबलापाशी बसत, समोरच्या खिडकीतून बर्फाकडं बघत जेवत, ताट धुऊन ठेवत. बापूसोंनी आपला नेम पहिल्या महिन्यातच सोडला. ते सहानंतर सगळ्यांबरोबर जेवू लागले, टीव्हीवर कुस्त्या बघू लागले. उन्हाळा आला तसं गवत कापायचं यंत्र शिकले. राधानगरीच्या क्वार्टरमध्ये एकटे राहिलेल्या माणसाला मुलाचं घर म्हणजे स्वर्गच होता. पद्मावतीबाईंना दुकानात जायचं तर कुणीतरी मोटारीतून न्यावं लागे. चालत जावं असं काही नव्हतंच. एकदा त्या चार कुटुंबांपैकी एक आजोबा वारले. त्यांचं दहन शुक्रवारपर्यंत थांबलं, कारण तिथल्या दहनाच्या जागेत आधीची वेळ मोकळी नव्हती. पद्मावतीबाई चांगली साडी नेसून खुर्चीवर बसून आल्या आणि त्या दिवसापासून त्यांना नीट झोप लागेनाशी झाली. आपला शेवट बस्तीच्या हाकेच्या अंतरावर व्हावा, कुणीतरी कानात णमोकार मंत्र म्हणावा, एवढंच त्यांना हवं होतं. ते कुणाला सांगायचीही चोरी.

पेन्शनरनं दर नोव्हेंबरात ट्रेझरीत समोर उभं राहून आपण जिवंत आहोत अशी सही करायची असते. हयातीचा दाखला. त्यांनी तेच कारण धरलं. "मी गेले न्हाय तर पेन्शन थांबंल," असं त्यांनी नेमिनाथला सांगितलं. बापूसोंनी आपला दाखला कागदोपत्री बघू म्हणत यायचं टाळलं. नेमिनाथनं आईचं पंचेचाळीस दिवसांचं तिकीट काढलं. परत यायची तारीख तेरा डिसेंबर. पिशवी भरताना पद्मावतीबाईंनी ठरवूनच टाकलं होतं की तेरा तारखेला आपण त्या विमानात नसणार.

आणि आता त्या कॉटवर बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही बसा की," त्रिशला दिवसातून वीसदा म्हणे. पद्मावतीबाई उठून स्वयंपाकघराकडं निघाल्या की तिच्या हातात आधीच चहाचा कप असे. "पावण्या माणसानं चुलीपाशी यायचं न्हाय. येवढ्या लांबनं आलासा." पाणी गाळलेलं असे. भाजी निवडलेली असे. एकदा पहाटे उठून त्यांनी गुपचूप पीठ मळायला घेतलं तर त्रिशला डोळे चोळत आली, परात काढून घेतली आणि हसत म्हणाली, "लोक काय म्हणतील मला? सासूला राबवती म्हणतील."

कट्ट्यापुढं खाली आता एक लाकडी फळी टाकली होती. त्रिशला उंचीनं बारकी. तिला कट्टा उंच पडे, म्हणून ती फळीवर उभी राही. पद्मावतीबाईंच्या भांड्यांचं कपाट मागच्या पडवीत गेलं होतं. त्यात मुलांची दप्तरं. बापूसोंच्या टेबलावर शिवणयंत्र. कुणी काही बिघडवलं नव्हतं. सगळं स्वच्छ होतं, वापरात होतं. एवढंच की त्यांच्या हाताची जागा कुठंच राहिली नव्हती.

गल्लीतल्या बायका 'अमेरिकेच्या काकूं'ना बघायला येत. 

"तिथं धुणं कुठं वाळत घालत्यात?"

"यंत्रात वाळतंय."

"आणि येवढी सगळी मोठी घरं, मग त्यात माणसं किती?"

"दिवसा मी एकटी."

"मज्जा हाय की मग!"

आणि उठताना प्रत्येकीचा एक प्रश्न ठरलेला. "मग परत कधी?" त्यांनी उत्तर द्यायच्या आत त्रिशलाच सांगे, "तेरा तारखंला."

दाखल्याच्या दिवशी भूपाल सायकल घरी ठेवून त्यांच्याबरोबर रिक्षानं ट्रेझरीत आला. रांग लांब होती. पद्मावतीबाईंची शाळेतली मैत्रीण सीताबाई शेटे तिथंच भेटली, तीही दाखल्यालाच आलेली. खिडकीवरच्या कारकुनानं रजिस्टरवर सही घेतली, वर बघितलं, पत्त्याच्या रकान्यात अमेरिका वाचली आणि म्हणाला, "आजी, एका सहीसाठी विमान केलंसा? तिथल्या वकिलातीत सही करून पोस्टानं पाठवलं तरी चालतंय की. पुढच्या साली येऊ नका."

"चालतंय व्हय?" भूपालनं विचारलं.

"म्हणजे? कितीजण पाठवत्यात."

सीताबाईनं मैत्रिणीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कारकुनाला म्हणाली, "तुला कुणी इचारलं होतं का रं?" पण व्हायचं ते झालं होतं. संध्याकाळी त्रिशलानं खीर केली. आठ दिवसांत ही बातमी भूपालच्या पत्रानं अमेरिकेलाही गेली.

दाखल्याच्या त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर, म्हणजे दिवस मावळून गेल्यावर, पद्मावतीबाई भूपालला म्हणाल्या, "मी जाणार न्हाय. इथंच राहायचं म्हणते."

भूपालनं मान खाली घातली. "रहा की काकू. घर तुमचंच हाय."

"एक कॉट पुरंल मला. तुमास्नी कुठं जायाला सांगत न्हाय मी."

"व्हय व्हय," तो म्हणाला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला होता.

पद्मावतीबाई धांदरट नव्हत्या. तिकडचं कायम राहायचं ग्रीन कार्ड सोडायचं तर आधी इकडच्या राशन कार्डावर नाव पाहिजे, हे त्यांना कळत होतं. वर्षाच्या आत परत गेलं नाही तर तिकडचा हक्क जातो. मग नेमिनाथच्या घरीसुद्धा पाहुणी म्हणूनच जावं लागलं असतं. दोन्हीकडून निसटलेलं माणूस व्हायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी राशन कचेरीतून छापील फॉर्म आणला: नाव वाढवण्याचा अर्ज. स्वतःचं नाव लिहिलं. 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात जरा थांबून 'चुलती' असं लिहिलं. आपणच बांधलेल्या घरात आपण कुणाचीतरी चुलती, हे अक्षर त्यांनी मुद्दाम वळणदार काढलं. खाली कुटुंबप्रमुखाची सही. भूपालची.

"करतो की सही," भूपाल म्हणाला आणि फॉर्म रेडिओवर ठेवला. 

दुसऱ्या दिवशी त्याला जादा पाळी लागली. तिसऱ्या दिवशी पेन सापडेना. मग कार्डच त्रिशलाच्या भावाकडं गडमुडशिंगीला राहिलं होतं, कशाला ते कुणाला सांगता येईना. पद्मावतीबाई रोज सकाळी फॉर्मवरची धूळ झटकत आणि परत रेडिओवर ठेवत. भांडण करायला काही जागाच नव्हती. कुणी नाही म्हणतच नव्हतं.

नेमिनाथचं पत्र आलं. 'आई, दाखल्याचं पोस्टानं होतंय हे कळून बरं वाटलं, आता तुला दरवर्षी दगदग नको. अण्णांना तुझ्याशिवाय करमत नाही.' खाली बापूसोंच्या हातचे दोन शब्द होते: 'लवकर ये. माझे सदरे कुणाला इस्त्री करता येत नाहीत.'

सीताबाईला पत्र दाखवलं. ती म्हणाली, "माझ्याकडं चल. माळ्यावरची खोली रिकामी हाय."

"नवरा जिता असताना मैत्रिणीकडं राहू? नवऱ्यानं टाकली म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला सोपं हाय म्हणायला."

"सोपं न्हाय गं. पण तू तेहतीस वर्षं नोकरी केलीस, सही मागायला पुतण्याच्या मागं फिरतीस. बघवत न्हाय मला."

अकरा तारीख आली. बारा तारखेला सकाळी सातची मुंबईची एस.टी. होती. भूपाल पोचवायला जाणार होता, दोन तिकिटं त्यानं न विचारताच काढून आणली होती. आणि अकराच्या दुपारी त्रिशलानं गल्लीतल्या पाच सवाष्णींना बोलावलं. काकूंची ओटी भरायची, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पुरणाचं जेवण.

पद्मावतीबाईंनी जोत्यावरून पाट मांडलेला बघितला, सुपात तांदूळ, नारळ, खण बघितला. सवाष्णीची ओटी चारचौघींत भरली की ती त्या घरातून निघाली. ओटी नाकारणं म्हणजे नवऱ्याचं अशुभ चिंतणं. त्रिशलानं हे ठरवून केलं की तिला दुसरं काही सुचलं नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

त्या पाटावर बसल्या. त्रिशलानं कुंकू लावलं, सूप उचललं. "काकू, पदर करा."

पद्मावतीबाईंनी पदर पुढं केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "भूपाल येऊ दे."

"ते कामावरनं साडेपाचला येतील."

"येऊ दे. त्या फॉर्मवर सही झाली की मी पदर करते. नाव हितं राहू दे. मग मी जाते, न्हाय तर राहते, ते माझं मी बघीन."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हणाली, "कसली सही?" दुसरी म्हणाली, "पाच वाजून गेले, पुरण निवतंय." सगळ्या जैनांच्या, दिवस मावळला की कुणीच घास घेणार नव्हती. ओटीला आलेल्या पाच सवाष्णी उपाशी उठून जाणं म्हणजे त्रिशलाच्या घराला बट्टा. हे पद्मावतीबाईंना माहीत होतं. शाळेत हट्टी पोरींना त्या अशाच गप्प बसून वठणीवर आणत.

निरोप द्यायला आलेली सीताबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बसू दे तिला. तिच्याच घरात बसलीय."

साडेपाचला भूपाल आला. हातापायाला तेल, ग्रीस. दारातच त्याला सगळं कळलं. तो रेडिओपाशी गेला, फॉर्म घेतला, खिशातून पेन काढलं. पेन होतं. मग तो त्रिशलाकडं बघत उभा राहिला.

त्रिशलाच्या हातात अजून सूप होतं. ती एकदम बोलली, आणि तिचा आवाज पाहुण्यांशी बोलायचा नव्हता. "तुमची सही झाली की काकू राहणार. आज कॉट, उद्या आतली खोली, परवा काका येतील. मग आम्ही कुठं जायचं? उचगावात आता तेवढ्या भाड्यात ती खोलीबी मिळत न्हाय. थोरली पोरगी दहावीत हाय माझी. सांगा की काकू. तुमास्नी दोन घरं हायत. मला हे एकच हाय, आणि तेबी माझं न्हाय."

महिन्याभरात त्या घरात बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य ते होतं.

पद्मावतीबाईंनी तिच्याकडं बघितलं. ही बाई फळीवर उभी राहून स्वयंपाक करते. तिला रोज भीती की खालून फळी निघेल. ती इथून निघाली तर पद्मावतीबाईंना आपला कट्टा परत मिळेल. आणि ती राहिली तर उद्यापासून त्या कॉटवर बसून हिच्या डोळ्यांतली भीती रोज बघत जेवायचं. तिकडं खिडकीतून बर्फ बघत जेवायचं. दोन घरं हायत म्हणाली. दोन्हीकडं दुसऱ्याच्या कार्डावर आपण एक नाव.

पश्चिमेचं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. एका म्हाताऱ्या सवाष्णीनं घसा साफ केला.

"भर ओटी," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि पदर पसरला. "बायकांना जेवू घाल आधी. दिवस चाललाय."

त्रिशला रडत रडत तांदूळ घालत होती. निम्मे खाली सांडले. नारळ पदरात पडला तसा भार आला. पानं भराभर वाढली गेली, बायका घाईघाईनं जेवल्या, आणि शेवटची उठली तेव्हा बाहेर उजेड जेमतेम होता. पद्मावतीबाईंचं पान वाढायचं राहूनच गेलं. कुणाच्या ते लक्षात आलं तेव्हा दिवस मावळला होता.

तेव्हा भूपाल जवळ आला. त्यानं हात धुतले होते. "काकू, केली सही," तो म्हणाला आणि फॉर्म पुढं धरला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. आता सही करायला त्याला काहीच जड गेलं नव्हतं.

"मी उद्या नेऊन देते कचेरीत," सीताबाई म्हणाली. तिनं चष्मा लावला, दिव्याखाली फॉर्म धरला आणि वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"खाली छापलंय. अर्जदारानं समक्ष हजर राहिलं पाहिजे."

"कचेरी कधी उघडती?"

"अकराला."

पद्मावतीबाईंनी हात पुढं केला. सीताबाईनं फॉर्म दिला. त्यांनी तो चार घड्या घालून पासपोर्टात ठेवला, कारण टाकून द्यायचा कागद त्यांनी आयुष्यात कधी सहीसकट टाकला नव्हता.

"काकू," भूपाल दारातून म्हणाला, "रिक्षा पहाटे सहाला सांगितलीय."